खनिज आमचे, भाव परका : मँगनीजच्या निमित्ताने खाण मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, खाण मंत्रालय, नवी दिल्ली
मा. महानियंत्रक, भारतीय खाण ब्युरो, नागपूर

विषय : महत्त्वपूर्ण खनिजांचे धोरण राबवताना दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील मँगनीज व्यापाराचा अनुभव विचारात घेण्याबाबत.

महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी दिली आणि त्यासाठी १६,३०० कोटी रुपयांचा खर्च ठरवला. तेव्हापासून लिथियम, कोबाल्ट आणि दुर्मिळ मृदा धातू ही नावे आमच्याकडे एसटीच्या प्रवासातसुद्धा कानावर पडू लागली आहेत. अभियानात खनिजांवरील प्रक्रिया आणि पुनर्वापर यांचाही समावेश आहे, हे मला ठाऊक आहे. तरी जाहीर चर्चा मात्र खनिज कुठे सापडले, किती सापडले आणि कोणत्या गटाचा लिलाव कधी होणार, एवढ्याभोवतीच फिरते. मी रामटेक तालुक्यात भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. आमच्या भागात खनिज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच सापडले होते, भरपूर सापडले होते, आणि ते जगातल्या सगळ्या मोठ्या पोलाद कारखान्यांना हवे होते. एवढे सगळे असूनही त्याचा भाव ठरवणे एकदाही आमच्या हातात आले नाही. ते का आले नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मँगनीजचे महत्त्व आपल्यासमोर मांडण्याची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून दोन वाक्ये लिहितो. पोलाद तयार करताना त्यातला प्राणवायू काढून टाकावा लागतो आणि गंधकाला बांधून ठेवावे लागते; गंधक मोकळे राहिले तर तापलेले पोलाद लाटताना तडकते. हे काम मँगनीज करते, एक टन पोलादाला सहा-सात किलो पुरते, आणि त्या सहा-सात किलोंना परवडणारा दुसरा पर्याय तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आणि अमेरिका यांच्याकडे कोळसा होता, लोखंड होते, भट्ट्या होत्या; चांगल्या प्रतीचे मँगनीज मात्र पुरेसे नव्हते. ते होते जॉर्जियातल्या चिआतुरात, युक्रेनमधल्या निकोपोलला, ब्राझीलमध्ये, आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये (आजचा घाना) आणि आमच्या नागपूर, भंडारा, बालाघाट व छिंदवाडा या जिल्ह्यांत.

मध्य प्रांतातील खनिजाचा शोध घेण्यासाठी १८९६ मध्ये एक सिंडिकेट स्थापन झाले आणि पुढे त्यातून सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी उभी राहिली. आजच्या मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीची ती पूर्वज. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले लुईस लेह फर्मर यांनी देशभरातील मँगनीज साठ्यांचा सविस्तर अभ्यास करून १९०९ मध्ये तो प्रसिद्ध केला. आमच्या टेकड्यांमधल्या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. भूगोलाच्या तासाला हे सांगितले की मागच्या बाकावरची गोंड मुले ताठ बसत. त्यांचे पणजोबा त्याच खडकावर घण घालत होते आणि त्यांच्या पणज्या, ज्यांना खदानीवर आजही रेजा म्हणतात, फुटलेले खनिज निवडून टोपल्यांनी वाहत होत्या. त्यांच्या नावाची नोंद मात्र खडकापुरतीच राहिली.

पहिल्या महायुद्धात डार्डनेल्सची सामुद्रधुनी बंद झाली, जॉर्जियाचे खनिज काळ्या समुद्रात अडकले, आणि आपले पोलाद एका अरुंद सामुद्रधुनीवर आणि एका दूरच्या प्रांतावर अवलंबून आहे हे युरोपातल्या सरकारांच्या एकदम लक्षात आले. युद्धासाठी अत्यावश्यक असलेल्या धातूंची वेगळी यादी करायची सवय सरकारांना त्या धक्क्यानेच लावली. तुमच्या मंत्रालयाने जून २०२३ मध्ये जाहीर केलेली तीस खनिजांची यादी ही त्याच सवयीची वारसदार आहे.

१९२० च्या दशकात मागणी वाढली आणि भाव चांगला राहिला. खनिजाचा भाव ‘युनिट’ने ठरत असे, म्हणजे एक टन खनिजात जितके टक्के मँगनीज, तितके युनिट. ब्रिटिश बंदरात पोहोचलेल्या मालाला १९२४ च्या सुमारास युनिटमागे वीस पेन्सांच्या वर भाव मिळत होता. १९२७ मध्ये भारताचे उत्पादन ११ लाख टनांच्या पुढे गेले. वरवर पाहता याहून बळकट स्थिती कोणती असणार? जगातल्या सर्वांत मोठ्या दोन पुरवठादारांपैकी एक आपण होतो, माल उत्तम होता आणि गिऱ्हाईक दारात उभे होते.

पण गिऱ्हाइकाने आपली सोय आधीच करून ठेवली होती. अमेरिकेने १९२२ च्या जकात कायद्यात परदेशी खनिजातल्या मँगनीजवर दर पौंड वजनामागे एक सेंट कर बसवला. पन्नास टक्क्यांच्या एका ब्रिटिश टन खनिजात १,१२० पौंड मँगनीज असते, म्हणजे टनामागे ११ डॉलर २० सेंट झाले. तयार फेरोमँगनीजवर, म्हणजे खनिज वितळवून केलेल्या लोखंड-मँगनीजच्या मिश्रधातूवर, हा दर त्याहूनही जास्त होता. याचा अर्थ सरळ आहे : दगड पाठवाल तर एवढा दंड, वितळवून पाठवण्याची हिंमत कराल तर त्याहून मोठा. जमशेदपूरला थोडेफार फेरोमँगनीज तयार होत होते, पण झरियाच्या कोळशापासून बनणाऱ्या कोकमध्ये फॉस्फरस अधिक, भट्ट्या मोजक्या आणि परदेशात जकातीची भिंत, अशा परिस्थितीत तो उद्योग निर्यातीसाठी वाढू शकला नाही. ब्रिटनमधल्या भट्ट्या मात्र भारतीय खनिजापासून फेरोमँगनीज बनवून ते अमेरिकेला विकत होत्या. आमच्या टोपलीतल्या दगडाचे मोल खऱ्या अर्थाने तिथे वाढत होते.

आता चिआतुराकडे वळतो, कारण परदेशात खाणी घेण्याचा जो मार्ग आपण आज धरला आहे, त्याच्या दृष्टीने हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. जून १९२५ मध्ये अमेरिकी भांडवलदार ॲव्हरेल हॅरिमन यांनी सोव्हिएत सरकारशी करार करून चिआतुराच्या खाणी वीस वर्षांसाठी चालवायला घेतल्या. सोव्हिएतांना स्वामित्वधन (रॉयल्टी) टनामागे ठरावीक डॉलरच्या हिशेबाने द्यायचे होते. बाजारभाव चढो की पडो, टनामागची रक्कम तीच. कागदावर या माणसाच्या हातात जगातला सर्वांत मोठा मँगनीज साठा आला होता. प्रत्यक्षात दोनच वर्षांत भाव उतरू लागले, सोव्हिएत सरकारने निकोपोलचे खनिज स्वतः विकायला काढून याच भाडेकरूशी स्पर्धा सुरू केली, गोल्ड कोस्टचा माल वाढला, आणि १९२८ मध्ये हॅरिमन यांनी काही भरपाई घेऊन करारातून अंग काढून घेतले. हेच गृहस्थ पुढे दुसऱ्या महायुद्धात मॉस्कोला अमेरिकेचे राजदूत म्हणून गेले. त्यामुळे त्यांचे फार बिघडले असे म्हणता येत नाही. आपल्या सरकारी काबिल कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांतात लिथियमचे पाच गट मिळवले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ते विजयासारखे छापले. त्या करारात भाव पडल्यास काय होणार, आणि यजमान प्रांताने शेजारचा गट दुसऱ्या कुणाला दिल्यास काय होणार, याची उत्तरे जनतेसमोर ठेवावीत अशी माझी विनंती आहे. भाडेपट्टा हाती आला म्हणजे बाजार हाती आला असे होत नाही, हे हॅरिमन यांना समजायला तीन वर्षे लागली आणि त्यांच्यामागे न्यूयॉर्कची पेढी उभी होती.

१९२८ मध्ये सोव्हिएत संघाची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. यंत्रसामग्री विकत घेण्यासाठी त्यांना परकीय चलन हवे होते, आणि चलन मिळवून देणाऱ्या थोड्या वस्तूंमध्ये मँगनीज होते. त्यांना नफ्यापेक्षा डॉलर आणि पौंड महत्त्वाचे होते. त्यात १९२९ ची महामंदी आली आणि पोलादाच्या भट्ट्याच थंड पडल्या. मग आमच्याकडे जे घडले ते आकड्यांतून पाहावे. १९२७ मध्ये अकरा लाख टनांच्या वर असलेले भारताचे उत्पादन १९३१ मध्ये साडेपाच लाख टनांच्याही खाली गेले आणि १९३२ मध्ये फक्त दोन लाख बारा हजार टनांच्या आसपास उरले. भाव युनिटमागे दहा पेन्सांच्या आसपास आला. रुपयाला अठरा पेन्स या त्या वेळच्या दराने हिशेब केला तर पन्नास टक्क्यांच्या टनाचे ब्रिटिश बंदरात जेमतेम २८ रुपये होतात, आणि त्या २८ रुपयांतून बोटीचे भाडे, विमा, बंदराचा खर्च, शेकडो मैलांचे रेल्वेभाडे आणि स्वामित्वधन वजा जायचे. जे उरे, त्यातून खदान चालवायची. बोटीचे भाडे कमी करणे कंपनीच्या हातात नव्हते, रेल्वेचे भाडे तिच्या हातात नव्हते, लंडनचा भाव तर नव्हताच. हातात होती ती फक्त मजुरी आणि मजुरांची संख्या. खदानींमागून खदानी बंद झाल्या. बहुतेक मजूर ठेकेदारांकडचे, त्यांतले कितीतरी छत्तीसगढहून आलेले, त्यामुळे त्यांना कामावरून काढण्याची कागदोपत्री गरजही पडली नाही. मुकादमाने उद्या येऊ नका म्हटले की झाले.

त्याच वर्षांमधली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मध्य प्रांतातले मँगनीज मुंबई आणि कलकत्त्याला लांबच्या वाटेने जात होते. ते जवळच्या वाटेने समुद्राला लागावे म्हणून विशाखापट्टणमला नवे बंदर बांधायला घेतले गेले आणि रायपूरहून विजयनगरमकडे जाणारा लोहमार्ग १९३१ पर्यंत पुरा झाला. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी ‘जलदुर्गा’ ही बोट त्या बंदरात लागली आणि डिसेंबरमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांनी त्याचे रीतसर उद्घाटन केले. ज्या खनिजासाठी बंदर खणले, ते खनिज त्या साली जवळजवळ निघतच नव्हते. गोल्ड कोस्टमध्ये ताकोराडीचे बंदर १९२८ मध्ये, मंदीच्या आधीच, सुरू झाले होते. पाच वर्षांच्या त्या अंतराने नशीब किती बदलते पाहा. बंदर चांगलेच होते, आजही देशाला ते उपयोगी पडते. पण बांधकाम सुरू करणाऱ्यांनी तेजीच्या वर्षांची मागणी कायमची धरली होती, आणि आज कॉरिडॉर व प्रक्रिया पार्क आखणाऱ्यांनीही तीच मागणी गृहीत धरू नये असे मला वाटते.

कथिलाच्या खाणमालकांनी मंदीत एक उपाय केला होता. मलाया, बोलिव्हिया, डच ईस्ट इंडीज आणि नायजेरिया यांच्यात १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार होऊन प्रत्येकाचा निर्यातीचा कोटा ठरला. त्या करारावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण भाव सावरला. मँगनीजला तसा आधार मिळाला नाही. सोव्हिएत सरकार, ब्रिटिश कंपन्या आणि अमेरिकी गिऱ्हाइके यांना एकत्र बसवणारे कुणी नव्हते, आणि भारताच्या वतीने बोलायचे तर आधी भारताचे हित म्हणजे कुणाचे हित हाच प्रश्न निघाला असता.

या काळातले आणखी एक नाव आपल्या खात्याला जवळचे आहे. सर थॉमस हॉलंड हे शतकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक होते आणि नंतर १९१६ ते १९१८ या काळातल्या भारतीय औद्योगिक आयोगाचे अध्यक्ष. मँगनीजच्या एका खनिजाला फर्मर यांनी त्यांच्यावरूनच हॉलंडाइट हे नाव दिले. १९२९ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या दक्षिण आफ्रिकेतल्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना हॉलंड यांनी असा विचार मांडला की कोणताही देश खनिजांच्या बाबतीत पूर्ण स्वयंपूर्ण नाही, तेव्हा आक्रमक देशाचा खनिज पुरवठा बंद केला तर युद्ध रोखता येईल. या विचाराची कसोटी सहाच वर्षांत लागली. इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) १८ नोव्हेंबर १९३५ पासून इटलीला मँगनीज, क्रोमियम, निकेल, टंगस्टन, कथील आणि लोहखनिज पाठवण्यावर बंदी घातली. यादीत लोहखनिज होते, पण तयार पोलाद नव्हते. आणि तेलही नव्हते. म्हणजे भट्टीत घालायचा कच्चा माल अडवला आणि भट्टीतून निघालेले पोलाद मोकळे ठेवले. जुलै १९३६ मध्ये ही बंदी उठली, तोवर अदिस अबाबा इटलीच्या ताब्यात गेले होते. हॉलंड यांचा विचार खोटा होता असे मी म्हणत नाही. पण खनिजाचा मालक आणि धातूचा मालक यांत फरक आहे, आणि जग धातूच्या मालकाला दुखवायला धजत नाही, हे त्या यादीतच लिहिलेले आहे.

त्यानंतर शस्त्रसज्जता सुरू झाली, जपानसह सगळ्यांची मागणी वाढली आणि १९३७ मध्ये भारताचे उत्पादन पुन्हा दहा लाख टनांवर गेले. खदानी उघडल्या, मजूर परत आले. अमेरिकेने जून १९३९ मध्ये सामरिक साहित्याचा कायदा करून दहा कोटी डॉलरपर्यंत साठा करण्याची परवानगी दिली, तेव्हा तिच्या सामरिक यादीत मँगनीज ठळकपणे होते.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. आपल्या तीस खनिजांच्या यादीत मँगनीज नाही. युरोपीय संघाने ते २०२३ मध्ये आपल्या यादीत घेतले, अमेरिकेच्या यादीत ते आहे. आपल्या तज्ज्ञ समितीकडे वगळण्याची कारणे असतीलच, आणि देशात साठे आहेत हे त्यांतले एक असावे असा माझा तर्क आहे. पण साठे असूनही आपले फेरोॲलॉय (लोखंडाचे मिश्रधातू बनवणारे) कारखाने दक्षिण आफ्रिका आणि गॅबन येथून खनिज आणतात. एके काळी जगाला मँगनीज पुरवणारा देश आज त्याचा मोठा आयातदार आहे. मॉइल वर्षाला सतरा-अठरा लाख टन खनिज काढते, ते पुरत नाही. बॅटरीसाठी लागणाऱ्या अतिशुद्ध मँगनीज सल्फेटची गोष्ट तर याहून पुढची, कारण त्याचे शुद्धीकरण जवळपास सगळे चीनमध्ये होते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलचा विद्युत-विश्लेषणाने मँगनीज डायऑक्साइड बनवणारा लहानसा प्रकल्प कित्येक वर्षांपासून चालू आहे; म्हणजे ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही. यादीत मँगनीज का नाही, याचे कारण लेखी आणि मराठीसह सर्व भाषांत जाहीर करावे आणि पुढच्या फेरविचारात हा विषय घ्यावा.

दुसरी मागणी लिलावांबाबत आहे. प्रत्येक गटाच्या निविदेत साठ्याचा अंदाज असतो, तसाच त्या खनिजावर प्रक्रिया कुठे होणार आणि देशातली तशी क्षमता आज किती आहे हेही असावे. क्षमता शून्य असेल तर शून्य लिहावे. त्याने बोली कमी येईल हे मी समजू शकतो. १९२७ मध्ये अशी नोंद कुणी केली असती तर त्या वर्षीच्या अकरा लाख टनांकडे लोकांनी वेगळ्या नजरेने पाहिले असते.

तिसरी बाब माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीची आहे. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आणि त्यांच्याकडे स्वामित्वधनाच्या प्रमाणात पैसा येऊ लागला, जुन्या पट्ट्यांकडून तीस टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांकडून दहा टक्के. कल्पना चांगली आहे. पण भाव पडला की उत्पादन घटते, उत्पादन घटले की स्वामित्वधन घटते, आणि प्रतिष्ठानची आवक नेमकी त्याच वर्षी आटते ज्या वर्षी खदानीवरची माणसे घरी बसतात. तेजीच्या वर्षी याच पैशातून सभामंडप आणि प्रवेशद्वारे उभी राहतात, हे मी आमच्या भागात डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा तेजीच्या वर्षांतल्या आवकेचा ठरावीक हिस्सा बाजूला काढून, खदान बंद पडल्यास ठेकेदारी मजुरांसह सर्वांना ठरावीक महिने निर्वाह मिळेल अशी राखीव तरतूद नियमांतच करावी. त्यासाठी मजुरांची नावे ठेकेदाराच्या वहीत नव्हे, तर प्रतिष्ठानच्या नोंदीत असली पाहिजेत. नव्या महत्त्वपूर्ण खनिजांचे पट्टे लिलावानेच जाणार असल्याने त्यांच्याकडून दहाच टक्के येतील, हेही लक्षात घ्यावे.

भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे, मॉइलचे आहे आणि खनिज शोधाचे काम करणाऱ्या एमईसीएलचेही आहे. या धोरणावरची पुढची जनसुनावणी दिल्लीच्या सभागृहात न घेता मनसर, कांद्री, गुमगाव किंवा चिखला यांपैकी एखाद्या खदानीच्या गावी, पाळी सुटल्यानंतरच्या वेळेत घ्यावी. सतरंज्या आणि पाण्याची सोय गावकरी करतील. या पत्राचे उत्तर मला वैयक्तिक न पाठवता मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकले तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
तालुका रामटेक, जिल्हा नागपूर